एकोणिसाव्या वर्षी कप्तान

हंगामात 24 गोल करणारा स्ट्रायकर हाताशी असताना संघ खालच्या श्रेणीत घसरावा, हे सांगून कुणाला पटत नाही. पण 7 मे 2000 रोजी ओव्हिएदोच्या मैदानावर अ‍ॅटलेटिको माद्रिदचं नेमकं तेच झालं. दोन गोलांनी मागे पडलेला संघ झुंजत बरोबरीत आला, पेनल्टी मिळाली, आणि ती मारायला पुढे आला तो हाच 24 गोलवाला, जिमी फ्लॉइड हॅसलबेंक. पेनल्टी वाया गेली. सामना 2-2 सुटला आणि सहा दशकांहून अधिक काळ स्पेनच्या पहिल्या श्रेणीत ठाण मांडून बसलेला क्लब दुसऱ्या श्रेणीत, तिकडच्या बोलीत सेगुंदात, गेला. चारच वर्षांपूर्वी, 1996 मध्ये, याच क्लबाने लीग आणि कप एकाच हंगामात जिंकले होते.

हॅसलबेंक चेल्सीला गेला. त्याच्यामागून आणखी काहीजण गेले. मागे राहिलं काय, तर मान्सानारेस नदीच्या काठावरचं भलंमोठं विसेंते कॅलडेरॉन स्टेडियम, कोर्टकचेऱ्यांत अडकलेला अध्यक्ष, आणि ज्युनियर संघातलं सोळा वर्षांचं एक पोरगं. त्या हंगामाच्या सुरुवातीला त्या पोराच्या नडगीचं हाड मोडलेलं होतं आणि डिसेंबरपर्यंत त्याला खेळता येणार नव्हतं.

ते पोरगं म्हणजे फर्नांडो टोरेस. हे नाव घेतलं की आपल्याकडे बहुतेकांना लिव्हरपूलचा लाल शर्ट आठवतो. मलाही तोच आठवायचा. 2007-08 चा तो हंगाम आम्ही शनिवारी-रविवारी टीव्हीसमोर बसून पाहिला. पहिल्याच वर्षी लीगमध्ये 24 गोल, सोनेरी केस, काळ्या पट्ट्याने मागे बांधलेले, आणि बचावपटूच्या खांद्यावरून पुढे निघताना मारलेली ती लांब ढांग. आम्हाला वाटलं, हा आत्ता उगवला. त्याआधीची सहा वर्षं ही आमच्या लेखी नुसती पूर्वपीठिका होती. समालोचक एका वाक्यात ती उरकायचे, ‘अ‍ॅटलेटिकोकडून आलेला’ म्हणून. मी ती वर्षं नंतर, मागे मागे जात, जुन्या चित्रफिती आणि वर्तमानपत्रांतून गोळा केली. आता माझं मत असं झालंय की टोरेसची खरी गोष्ट तीच आहे आणि लिव्हरपूल हा तिचा उत्तरार्ध.

त्याचा जन्म 20 मार्च 1984 चा, माद्रिदच्या दक्षिणेला असलेल्या फुएनलाब्रादाचा. ही मूळची छोटी खेडेवजा वस्ती सत्तरीच्या दशकात भराभर वाढली. राजधानीत काम करणाऱ्या आणि राजधानीत घर न परवडणाऱ्या लोकांच्या इमारती तिथे उभ्या राहिल्या. माद्रिदमधल्या दोन मोठ्या क्लबांचा फरक ढोबळमानाने असाच मांडतात, की रेआल उत्तरेकडच्या पैसेवाल्या रस्त्यावरचा आणि अ‍ॅटलेटिको दक्षिणेकडच्या कामकरी लोकांचा. हे पूर्ण खरं नाही. दोन्हीकडे सगळ्या थरांतले लोक आहेत. पण दंतकथा खऱ्याहून जास्त टिकतात, आणि टोरेसच्या बाबतीत ती लागूही पडत होती.

घरात फुटबॉलचं वेड असं कुणाला नव्हतं. होते ते आजोबा, एउलालियो. त्यांनाही खेळात फारसा रस होता असं नाही. रस होता तो अ‍ॅटलेटिकोत. ही गोष्ट कोल्हापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या कित्येकांना ऑफसाइडचा नियम धड सांगता येणार नाही, पण आपण पाटाकडीलचे की खंडोबाचे की दिलबहारचे, यावर त्यांच्या मनात कधी शंका नसते. ते पेठेबरोबर येतं, आजोबांकडून येतं, आणि बदलता येत नाही. फुएनलाब्रादातल्या त्या नातवाचंही तसंच झालं. क्लब आधी मिळाला, खेळ नंतर.

खेळाची सुरुवात पार्क 84 नावाच्या वस्तीतल्या संघातून, पाचव्या वर्षी. थोरला भाऊ गोलकीपर, म्हणून हाही गोलकीपर. पुढे जपानी कार्टून मालिकेतला त्सुबासा बघून त्याला पुढे, आघाडीवर खेळावंसं वाटलं. स्पेनमध्ये त्या पिढीतल्या अख्ख्या पोरांना त्या मालिकेने झपाटलं होतं. त्या कार्टूनमधलं मैदान इतकं लांब असायचं की खेळाडू धावतोय धावतोय तरी गोलपोस्ट दिसत नसे. टोरेसच्या पुढच्या खेळात ती लांबच लांब धाव होती, हे मी आपलं गमतीने जोडतो. नंतर रायो 13 हा संघ. तिथे दहाव्या वर्षी एका हंगामात 55 गोल. त्या गोलांच्या जोरावर अ‍ॅटलेटिकोची चाचणी आणि 1995 मध्ये, अकराव्या वर्षी, क्लबच्या अकादमीत प्रवेश.

1995 या सालाला महत्त्व आहे, आणि त्यासाठी जरा आडवाटेला जावं लागेल.

तीनच वर्षांपूर्वी अ‍ॅटलेटिकोकडे ही अकादमी नावालाच उरली होती. क्लबचे अध्यक्ष हेसुस हिल, बांधकाम व्यवसायातला गडगडाटी माणूस, प्रशिक्षकांना शर्ट बदलावा तसं बदलणारा. 1992 मध्ये त्यांनी पैसे वाचवायला म्हणून युवा संघ बंद केले. तेव्हा त्या संघांत राऊल गोंझालेस नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. माद्रिदच्या दक्षिणेकडचाच, कामगार वस्तीतला, वडील अ‍ॅटलेटिकोचे पक्के समर्थक. दारं बंद झाली म्हणून तो शहर ओलांडून रेआलकडे गेला. 29 ऑक्टोबर 1994 रोजी, सतराव्या वर्षी, प्रशिक्षक होर्खे वाल्दानो यांनी त्याला सारागोसात थेट पहिल्या संघात उतरवलं. त्या दिवशी त्याने सोप्या संधी घालवल्या आणि रेआल 3-2 असा हरला. वाल्दानोंनी पुढच्याच आठवड्यात त्याला पुन्हा खेळवलं. समोर कोण, तर अ‍ॅटलेटिको. राऊलने गोल केला, रेआल 4-2 जिंकला. पुढे त्याने रेआलला तीन युरोपियन कप मिळवून देण्यात हात दिला.

आपल्या घरातून घालवलेलं पोरगं समोरच्या घरी जाऊन राजा झालं, हा सल घेऊन अ‍ॅटलेटिकोचे लोक जगत होते. म्हणून अकादमी पुन्हा सुरू झाल्यावर तिच्यातून जो कुणी बरा दिसेल त्याच्याकडे ते नुसता खेळाडू म्हणून बघणं शक्यच नव्हतं. टोरेसवर ओझं पहिल्या सामन्यापासून पडलं असं म्हणतात. माझ्या मते ते त्याच्याही आधीपासून, राऊलच्या वाट्याचं म्हणून बाजूला काढून ठेवलेलं होतं.

2001 च्या मे महिन्याकडे बघा. नडगी भरून आलेला टोरेस इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्यांच्या युरोपियन स्पर्धेत स्पेनकडून खेळायला गेला. 6 मे रोजी संडरलंडला अंतिम सामना, समोर फ्रान्स. स्पेन 1-0 जिंकला, गोल टोरेसचा, पेनल्टीवर. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच, सर्वाधिक गोलही त्याचेच. इकडे माद्रिदमध्ये अ‍ॅटलेटिको सेगुंदात धापा टाकत होता. क्लबने या वर्षाची जाहिरात ‘नरकातलं एक वर्ष’ अशा अर्थाच्या ओळीने केली होती, म्हणजे एकच वर्ष, मग परत. पण संघ जिंकायचा, हरायचा, पुन्हा जिंकायचा. हंगाम संपत आला तरी वर जाण्याची जागा नक्की नव्हती. प्रशिक्षक बदलले होते आणि कार्लोस गार्सिया कांतारेरो यांच्या हाती शेवटचे सामने आले होते.

27 मे रोजी कॅलडेरॉनवर लेगानेसविरुद्ध त्यांनी सतरा वर्षांच्या टोरेसला पहिल्यांदा उतरवलं. संडरलंडच्या मुलांच्या सामन्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी. पुढच्या रविवारी अल्बासेतेला सामना होता. तिथे त्याने हेडरने गोल केला आणि अ‍ॅटलेटिको 1-0 जिंकला. कॅलडेरॉनवर रविवारी दुपारी बापलेक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून जायचे, त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा पुढच्या रविवारची वाट बघावीशी वाटली असेल.

पण तो हंगाम वाचला नाही. शेवटच्या दिवशी अ‍ॅटलेटिको हेताफेला जिंकला, आणि तेनेरिफेही जिंकला. दोघांचे गुण सारखे, तरी वर जाण्याची तिसरी, शेवटची जागा तेनेरिफेची, अ‍ॅटलेटिको चौथा. एका वर्षाचा नरक दोन वर्षांचा झाला. त्या तेनेरिफेचे प्रशिक्षक होते राफाएल बेनितेस. हो, तेच. सहा वर्षांनी टोरेसला लिव्हरपूलला नेणारे बेनितेस.

दुसऱ्या वर्षी क्लबने लुईस आरागोनेस यांना बोलावलं. हे नाव अ‍ॅटलेटिकोत देवघरात ठेवण्यासारखं. खेळाडू म्हणून क्लबसाठी सर्वाधिक गोल त्यांचे. तो विक्रम ग्रीझमनने 2024 मध्ये मोडेपर्यंत टिकला. 1974 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, बायर्न म्युनिकविरुद्ध त्यांनी फ्री किकवर गोल मारला होता आणि कप जवळजवळ माद्रिदच्या गाडीत चढला होता. शेवटच्या मिनिटाला श्वार्त्सेनबेक नावाच्या बचावपटूने लांबून चेंडू मारला, तो आत गेला, आणि दोन दिवसांनी पुन्हा झालेल्या सामन्यात बायर्न 4-0 जिंकला. अ‍ॅटलेटिकोला नशिबाने मारलेला क्लब म्हणतात, ते तेव्हापासून. आरागोनेस त्या जखमेचे मालक होते. चष्मा, ट्रॅकसूट, खर्जातला आवाज आणि तोंडात सभ्य माणसाने लिहू नयेत असे शब्द.

या माणसाने टोरेसचे लाड केले नाहीत. जाहिरातीत, पोस्टरवर, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पोरगं. आणि सरावात तेच पोरगं सगळ्यांदेखत बोलणी खातंय. चेंडू असा का थांबवलास, पाठ अशी का वळवलीस, बचावपटूला आधी धडक का दिली नाहीस. कधी बाकावर, कधी अर्ध्यातून बाहेर. टोरेसने नंतर अनेकदा सांगितलं आहे की त्या काळात आपल्याला त्याचा राग यायचा आणि नंतर त्याचा अर्थ कळला. आमच्याकडे मारकुट्या मास्तरांबद्दल लोक म्हातारपणी जसं हळवं बोलतात, ते मला सहसा आवडत नाही. मार खाल्ल्यामुळे कुणी शहाणं होतं यावर माझा विश्वास नाही. पण इथे प्रकार वेगळा दिसतो. सगळा क्लब पोराच्या जिवावर तिकिटं विकत असताना एक माणूस तरी त्याला अजून काही येत नाही असं सांगत होता. ते खरंही होतं.

आकडे बघा. 2001-02 मध्ये सेगुंदात टोरेसने 36 सामने खेळले आणि गोल केले 6. सहा! त्या संघाचं गोलांचं काम उरुग्वेच्या दिएगो आलोन्सोने केलं. अ‍ॅटलेटिको सेगुंदाचा विजेता होऊन वर आला तो त्याच्यासारख्यांच्या बळावर. तरीही स्टेडियम घोष करायचं टोरेसचा. ‘एल निन्यो’, पोरगं, हे नाव त्याला तेव्हाच चिकटलं. सहा गोलांच्या स्ट्रायकरवर एवढं प्रेम कशाला, असा प्रश्न तेव्हाच्या माद्रिदच्या क्रीडापत्रकारांनाही पडत असणार. मला तरी त्याचं उत्तर फुटबॉलमध्ये सापडत नाही. त्याच सुमारास क्लबने एक जाहिरात केली होती: सिग्नलला थांबलेल्या गाडीत मुलगा मागच्या सीटवरून विचारतो, बाबा, आपण अ‍ॅटलेटिकोचे का? बाबा गप्प बसतो. त्याला उत्तर देता येत नाही. टोरेस हे त्या बाबाला मिळालेलं उत्तर होतं. बघ, तो पण आपल्यासारखाच, आणि तो आपल्याकडेच राहिलाय. गोल किती, हा प्रश्न त्या गाडीत कुणी विचारत नव्हतं.

वर आल्यानंतरची जाहिरात याहून मजेशीर. गोलकीपर बुर्गोस, केस वाढवलेला धिप्पाड अर्जेंटिनी, माद्रिदच्या रस्त्यातल्या गटाराचं झाकण उचलून बाहेर येतो आणि सांगतो, आम्ही आलो.

2002 च्या उन्हाळ्यात नॉर्वेत एकोणीस वर्षांखालच्यांची युरोपियन स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात स्पेन 1, जर्मनी 0. गोल पुन्हा टोरेसचा, सर्वोत्तम खेळाडूही पुन्हा तोच. हे लक्षात ठेवा, कारण सहा वर्षांनी असंच तिसऱ्यांदा घडायचं होतं.

पहिल्या श्रेणीतलं पहिलं वर्ष, 2002-03. 29 सामन्यांत 13 गोल. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी स्पॅनिश लीगमध्ये हे मोठं काम आहे. त्या जुन्या चित्रफिती मी मन लावून पाहिल्या. सवयीने नजर गोलाकडे जाते, म्हणून गोलाच्या आधीची दहा सेकंदं मुद्दाम परत परत बघितली. तिथे एक गोष्ट सारखी दिसते: टोरेस एकटा असतो. अ‍ॅटलेटिकोचे बाकी खेळाडू मागे, स्वतःच्या अर्ध्यात कोंडलेले. कुणीतरी चेंडू लांब भिरकावतो. त्याला पास म्हणणं धाडसाचं. टोरेस दोन बचावपटूंच्या मधून धावतो, खांद्याने एकाला बाजूला सारतो, उसळलेला चेंडू छातीवर घेतो आणि आपण कोपऱ्यात अडकलोय असं वाटत असतानाच आत वळतो. सोबतीला कुणी पोचलेलं नसतं. मग करणार काय, मारतो.

एखाद्या स्ट्रायकरची शैली त्याच्या गुणांतून घडते तशी त्याच्या संघाच्या गरिबीतूनही घडते. राऊलला रेआलमध्ये पहिल्या दिवसापासून मागून नीट कापलेले पास मिळाले, म्हणून तो गोलपोस्टजवळच्या चोरवाटा शिकला. टोरेसला मैदानाचं अर्धं अंतर एकट्याने कापायचं होतं, म्हणून तो मोकळ्या जागेचा खेळाडू झाला. लिव्हरपूलमध्ये मागे मधल्या फळीतला जेरार्ड आल्यावर तीच कला दुप्पट फळली. आणि पुढे चेल्सीने 5 कोटी पौंडांना विकत घेतल्यावर जे झालं, त्यालाही दुखापतींइतकंच हेही कारण आहे, असं मला वाटतं. तिथे चेंडू आपल्याच संघाकडे, प्रतिस्पर्धी स्वतःच्या गोलसमोर भिंत बांधून उभे, धावायला जागाच नाही. ज्या पोराला उपाशी संघात खेळायची सवय, तो भरल्या ताटासमोर बावरला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी ती पहिली ढांग गेली हे खरंच, पण नुसता गुडघा दोषी धरला की गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

26 एप्रिल 2003 रोजी क्लब शंभर वर्षांचा झाला. शहरभर मिरवणुका, लांबच लांब झेंडा, पाहुणे. संध्याकाळी कॅलडेरॉनवर ओसासुनाविरुद्ध लीग सामना. अ‍ॅटलेटिको 0-1 हरला. शताब्दीच्या दिवशी स्वतःच्या घरी हरायचं, तेही असल्या फरकाने, हे जमवायला अ‍ॅटलेटिकोच पाहिजे. थोड्याच दिवसांत हेसुस हिल यांनी अध्यक्षपद सोडलं. आणि त्याच उन्हाळ्यात रोमान अब्रामोविच यांनी नुकताच विकत घेतलेला चेल्सी 2 कोटी 80 लाख पौंड घेऊन आला. कर्जात बुडालेल्या क्लबने नाही म्हटलं.

नाही म्हटल्यावर त्याला बांधून ठेवायला काहीतरी द्यायला हवं होतं. दंडावरची कप्तानाची पट्टी दिली. एकोणीस वर्षांचा मुलगा अ‍ॅटलेटिको माद्रिदचा कप्तान झाला. त्या ड्रेसिंग रूममध्ये दिएगो सिमेओने बसायचा, 1996 च्या दुहेरी विजयातला, अर्जेंटिनाचा शंभराहून अधिक सामन्यांचा गडी. त्याच्याकडे पट्टी असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. काहीजण याला टोरेसचा गौरव समजतात. मला ती व्यवस्थापनाची पळवाट वाटते. संघबांधणी जमत नाही, मधल्या फळीत चांगले खेळाडू आणता येत नाहीत, प्रशिक्षक टिकत नाहीत, तेव्हा लोकांपुढे धरायला एक चेहरा लागतो. त्या सहा-सात हंगामांत टोरेसने पहिल्या संघात सात प्रशिक्षक पाहिले: कांतारेरो, आरागोनेस, मान्सानो, फेर्रांदो, बियांची, मुर्सिया, आगिरे. प्रत्येकाचा आराखडा निराळा, खेळाडू निराळे. न बदलणारी एकच गोष्ट, पुढे टोरेस.

त्याने मात्र ते निभावलं. पट्टी मिळाली त्या 2003-04 च्या हंगामात 35 सामन्यांत 19 गोल. 6 सप्टेंबर 2003 रोजी गिमाराइशला पोर्तुगालविरुद्ध स्पेनच्या मुख्य संघातून पदार्पण; पहिला गोल पुढच्या एप्रिलमध्ये जेनोव्हाला, इटलीविरुद्ध. अ‍ॅटलेटिको त्या हंगामात सातवा आला. सातवा म्हणजे युरोपच्या मोठ्या स्पर्धा नाहीत, तर उन्हाळ्यातली इंटरटोटो, जिच्यातून मागच्या दाराने यूईएफए कपात शिरता यायचं. तेही साधलं नाही, व्हियारेआलने अंतिम फेरीत पेनल्टींवर हरवलं. पुढच्या हंगामात लीगमध्ये 16 गोल, नंतर 13, नंतर 14. कधी एकदम भन्नाट दिवस यायचा. फेब्रुवारी 2006 मध्ये रोनाल्डिन्योचा बार्सिलोना, जो त्याच वर्षी युरोपचा विजेता झाला, त्याच्या घरी जाऊन अ‍ॅटलेटिको 3-1 जिंकला आणि त्यातले दोन गोल टोरेसचे होते. पण असा दिवस संपला की पुढच्या आठवड्यात कुणातरी तळाच्या संघाशी बरोबरी ठरलेली.

सगळ्यात बोचणारी गोष्ट रेआलची. 1999 पासून अ‍ॅटलेटिकोने शहरातल्या शेजाऱ्याला हरवलंच नव्हतं. टोरेसच्या पहिल्या कारकिर्दीत एकदाही नाही. डर्बीत, म्हणजे या दोन शेजाऱ्यांच्या सामन्यात, त्याचा गोल व्हायला फेब्रुवारी 2007 उजाडलं. तो सामनाही 1-1 सुटला, बरोबरीचा गोल हिग्वाइन नावाच्या नव्या पोराचा.

याच काळातला एक किस्सा. एका सामन्यात ओढाताणीत टोरेसची कप्तानपट्टी उघडली आणि तिच्या आतल्या बाजूला इंग्रजीत लिहिलेली ओळ कॅमेऱ्यात आली, लिव्हरपूलचे लोक गातात त्या गाण्यावरून घेतलेली. मित्रांनी दिलेली भेट होती ती. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्यातून काय अर्थ काढला असेल ते सांगायला नको. मी काही त्यात संकेत वगैरे शोधत नाही. एवढंच वाटतं, की घरच्या क्लबचा कप्तान असलेल्या मुलालाही आतल्या बाजूला लिहून ठेवण्यासारखं काही असू शकतं.

20 मे 2007 ला बार्सिलोना कॅलडेरॉनवर आला आणि 6-0 जिंकून गेला. त्यानंतर टोरेस राहणार नाही हे बहुतेकांना कळून चुकलं. जुलैमध्ये तो बेनितेस यांच्या लिव्हरपूलला गेला आणि लुईस गार्सिया उलट दिशेने माद्रिदला आला. अ‍ॅटलेटिकोच्या पहिल्या कारकिर्दीतला हिशेब: सगळ्या स्पर्धा मिळून 244 सामने, 91 गोल, एक सेगुंदाचं विजेतेपद. त्याला पळपुटा म्हणणारे त्या वेळी फार कमी निघाले, ही मला स्पेनमधल्या फुटबॉलसंबंधी वाचलेल्या दुर्मिळ समंजस गोष्टींपैकी एक वाटते. लोकांनी हिशेब केला होता. या पोराने जेवढं घेतलं त्याहून जास्त दिलं होतं.

तो गेला आणि क्लब सुधारला. दुखणं असं की तो गेल्यामुळेच सुधारला, असंही म्हणता येतं. पैसे आले, स्ट्रायकर फोरलान आला, आदल्या वर्षी आणलेला पोरसवदा अगुएरो मोकळा झाला. सगळ्या चेंडूंनी एकाच माणसाकडे जायचं बंद झालं. पहिल्याच हंगामात चौथा क्रमांक, म्हणजे चॅम्पियन्स लीगची वाट. 2010 मध्ये हॅम्बुर्गला युरोपा लीग. टोरेसचंही वाईट चाललं नव्हतं. 29 जून 2008 रोजी व्हिएन्नात युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, 33 व्या मिनिटाला, त्याने फिलिप लामला मागे टाकलं, पुढे आलेल्या गोलकीपर लेमनवरून चेंडू उचलला आणि स्पेन 1, जर्मनी 0. संडरलंड, ओस्लो, व्हिएन्ना. तिन्ही वेळा 1-0, तिन्ही गोल त्याचे. बाकाजवळ ट्रॅकसूटमध्ये स्पेनचे प्रशिक्षक लुईस आरागोनेस उभे होते.

त्यानंतरचं तारखांनीच सांगतो. 15 मे 2013 रोजी ॲमस्टरडॅमला चेल्सीने युरोपा लीग जिंकली, टोरेसने गोल केला. दोनच दिवसांनी, 17 मे रोजी, माद्रिदमध्ये अ‍ॅटलेटिकोने कपच्या अंतिम सामन्यात रेआलला हरवलं, चौदा वर्षांनी, रेआलच्याच मैदानावर, आता प्रशिक्षक झालेल्या सिमेओनेच्या हाताखाली. टोरेस तिथे नव्हता.

जानेवारी 2015 मध्ये तो परत आला. नुसता शर्ट घालून मैदानावर उभा राहणार होता, तर 45,000 लोक कॅलडेरॉनवर जमले. मला ती गर्दी टीव्हीवर बघताना थोडं हसूही आलं. नेमक्या त्याच हिवाळ्यात तसाच पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचा शर्ट नवी मुंबईत नेरुळला दिसला होता. अ‍ॅटलेटिकोची भागीदारी असलेला कोलकात्याचा संघ डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिली इंडियन सुपर लीग जिंकून गेला होता, 20 डिसेंबरला, भरपाईच्या वेळेत रफीकने केलेल्या एकुलत्या गोलवर.

7 जानेवारीला टोरेसचा पुनरागमनाचा पहिला सामना होता, कपचा, कॅलडेरॉनवर. समोर रेआल. अ‍ॅटलेटिको 2-0 जिंकला. टोरेसने गोल केला नाही, पण रेआलला हरवणाऱ्या अ‍ॅटलेटिकोच्या संघात तो त्या दिवशी पहिल्यांदा खेळला. परतीचा सामना 15 जानेवारीला बेर्नाबेऊवर. पहिल्या मिनिटाला चेंडू मिळाला तेव्हा समोर मोकळी जागा होती आणि त्याने तो आत टाकला. मध्यंतर संपल्यासंपल्या पुन्हा टाकला. 2-2 सुटला, आणि दोन्ही सामन्यांचे गोल मिळून अ‍ॅटलेटिको पुढच्या फेरीत गेला.